स्टार्टरपेटीतली डबी

फौजेत मी सतरा वर्षं काढली, पण बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला. पेन्शन घेऊन कुंडलजवळच्या आमच्या वस्तीवर परत आलो, अडीच एकर ऊस सांभाळायला लागलो आणि पन्नाशी ओलांडल्यावर मला व्हिडिओ काढायचा नाद लागला. त्यात कुणाची फूस नव्हती. लेक लग्न होऊन पुण्याला गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी सरीत उभा राहून खोडव्याबद्दल, म्हणजे तोडलेल्या उसाला पुन्हा फुटणाऱ्या पिकाबद्दल बोलायचो आणि बायको मोबाइल धरायची. तिचा हात माझ्या जिभेपेक्षा स्थिर होता.

पहिला व्हिडिओ उसाचं पाचट न जाळता कसं कुजवावं, यावर होता. खाली लोकांनी लिहिलं, "माहिती चांगली आहे काका, पण तुम्ही दिसत नाही." दुसऱ्यानं लिहिलं, "माणूस बोलतोय का ऊस?" मी बायकोला म्हटलं, ऊन पाठीमागून येतंय. मग उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो. तरी फक्त दात आणि टोपी दिसली.

मी काळा आहे हे मला आईच्या दुधाबरोबरच कळलं होतं. आई मला डाळीचं पीठ आणि साय लावून घासायची, तेव्हा चुलती म्हणायची, "बाई, तवा घासून कवा पांढरा झालाय व्हय?" बायकोही माझ्याच रंगाची. आमच्या लग्नात तिचा मामा भर मांडवात म्हणाला होता, "जोडा झकास हाय, लाइट गेली तर दोघंबी एकदमच हरवतील." सगळा मांडव हसला. आम्हीही हसलो. त्या गोष्टीवर आम्ही दोघांनी पुढं तीस वर्षं एक शब्द काढला नाही.

तर एकदा खताच्या कामाला सांगलीला गेलो असताना बांगड्या-टिकल्यांच्या एका दुकानात शिरलो. दुकानदारीण माझ्याच वयाची, ओठ लाल, हातात चहाचा कप. तिला म्हटलं, चेहरा उजळायचं काही आहे का.

"कुनासाठी?"

"मंडळींसाठी."

"रंग कसा हाय त्यांचा?"

"माझ्यासारखाच."

तिनं मला निरखून पाहिलं, वर ठेवलेल्या डब्या तशाच राहू दिल्या आणि खालच्या खणातून एक काढली. खोक्यावरची लिपी कुठल्या देशाची होती, देव जाणे. मला त्यातला फक्त बाईचा फोटो वाचता आला. "ही जोरात चालती," ती म्हणाली. "बिल मागू नका."

घरी ठेवायची सोय नव्हती. विहिरीवर मोटरीची खोली आहे, तिथं स्टार्टरच्या पेटीत मी ती डबी ठेवली. रोज सकाळी मोटर चालू करायच्या निमित्तानं जायचो, बटण दाबायचो, तोंडाला, मानेला, हाताला चोपडायचो आणि पाणी उसाच्या सरीला लागेपर्यंत वाळवायचो. माजी सैनिक, एका लेकीचा बाप, चारशे व्होल्टच्या शेजारी उभा राहून गालांना क्रीम चोळतोय, हे चित्र मला त्या वेळी मुळीच विचित्र वाटलं नाही. कारण तीन आठवड्यांत माझं कपाळ दिसायला लागलं. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी किडीच्या व्हिडिओवर कुणीतरी लिहिलं, "काका, तुकतुकीत झालात." मी ती ओळ दिवसात सहा वेळा वाचली.

एक संपली, दुसरी आणली, मग तिसरी. तिसरी फार लवकर संपली, म्हणून चौथी आणली. मला वाटलं, उन्हाळ्यानं आटत असेल.

पायाला सूज आली ती आधी मोज्यांच्या रबरामुळं वाटली. मग सकाळी डोळ्यांच्या पापण्या फुगायला लागल्या. पारावरची मंडळी म्हणाली, "पेन्शन अंगाला लागली गड्या." मलाही ते खरं वाटलं. पण एका सकाळी बांधावर लघवीला उभा असताना खाली पाहिलं, तर गुऱ्हाळाच्या काहिलीवर येतो तसा फेस. बराच वेळ विरेना. दुसऱ्या दिवशीही तेच. बायकोला सांगितलं तर तिनं माझी नडगी अंगठ्यानं दाबली. खड्डा पडला तो पडलाच.

"ह्यात आता हळद-कुंकू घालायचं का दवाखान्यात जायाचं?" ती म्हणाली.

पलूसच्या डॉक्टरांनी लघवीत एक पट्टी बुडवली, पट्टीचा रंग बघून भुवया वर केल्या आणि सांगलीच्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडं चिठ्ठी दिली.

त्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. पहिल्यांदा त्यांनी एक मोठा कॅन दिला आणि चोवीस तासांची सगळी लघवी त्यात साठवायला सांगितली. तो कॅन मी दिवसभर तणनाशकाच्या कॅनपासून लांब ठेवला, कारण दिसायला दोन्ही सारखेच. रिपोर्ट आला. माझ्या अंगातलं प्रोटीन भसाभसा वाहून चाललं होतं. अंडी मी खात होतो आणि ताकद बांधाला मिळत होती.

"काका, किडनीत गाळण्या असतात," मॅडम म्हणाल्या. "चहाच्या गाळणीसारख्या, पण फार बारीक. तुमच्या गाळणीला भोकं पडलीत. ती पाडतंय तुमचं स्वतःचं शरीर. रक्तातले पहारेकरी गाळणीतल्या एका प्रोटीनला शत्रू समजून त्याला चिकटून बसलेत."

"म्हंजी आपल्याच चौकीवर आपलाच गोळीबार," मी म्हटलं.

"अगदी तसंच. आता कुठल्या चौकीवर, ते शोधायचं. पूर्वी आम्ही या सगळ्या दुखण्याला एकच नाव देऊन मोकळे व्हायचो. आता ती प्रोटीनं वेगवेगळी ओळखता येतात. आणि प्रत्येकाची सोबत वेगळी असते. एखादं आपलं आपण येतं. एखादं सांधेदुखीच्या लुपस नावाच्या आजाराबरोबर येतं, एखादं काविळीच्या विषाणूबरोबर, एखादं कॅन्सरबरोबर. एखादं गुप्तरोगाबरोबरसुद्धा." मग कागदावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "फौजेत असताना तसा काही आजार झाला होता का?"

बायको शेजारीच बसली होती. माझ्या पोस्टिंगची सगळी गावं तिच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेली, ते मला स्पष्ट दिसलं.

"मी क्लार्क होतो मॅडम," मी म्हटलं.

"क्लार्कलाही होतो," मॅडम म्हणाल्या आणि रक्ताच्या यादीत तीही तपासणी लिहिली. तो रिपोर्ट चांगला येईपर्यंत दोन दिवस मला जेवणात नुसती आमटी-भाकरी मिळाली, भाजी नाही.

या आजारात सगळ्यात जास्त सापडणारं जे प्रोटीन, त्याची खूण रक्तातच कळते. माझ्या रक्तात ती नव्हती. म्हणून किडनीचा तुकडा काढायचं ठरलं. मला पालथं झोपवलं, कमरेशी बधिर केलं आणि स्टेपलर मारल्यासारखा आवाज आला, दोनदा. शेवयाएवढे दोन तुकडे निघाले. ते मोठ्या लॅबला मुंबईला गेले. मी मात्र सांगलीतच दिवसभर उताणा, हलायचं नाही.

आठ दिवसांनी मॅडमनी बोलावलं. "खूण सापडली. नेल-वन."

"नेल म्हंजी खिळा का?"

"नाही, नुसतं नाव आहे. पण काका, याची सोबत नीट बघावी लागते. काही लोकांत हे कॅन्सरबरोबर सापडतं. आणि आपल्याकडं पाऱ्याबरोबर. जडीबुटी, भस्म, कसली पावडर घेता?"

"न्हाई. हात लावत न्हाई."

हे अक्षरशः खरं होतं. त्याच आठवड्यात दहिवडीहून माझा मेव्हणा आला होता. शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी, त्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर औषध, फक्त मेंढीचं कुठलं आणि माणसाचं कुठलं याचा घोळ. त्यानं करड्या पावडरीची पुडी आणली होती. "दाजी, डोंगराकडच्या वैद्याची हाय. आमच्याकडं एकाची किडनी वाळत चालली हुती, आता तो कुस्ती खेळतोय." मी पुडी घेतली आणि फडताळात टाकली. ती हकिगत सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "ती उघडूही नका, माझ्याकडे आणा." मला फार अभिमान वाटला.

मग त्यांनी बायकोकडं वळून विचारलं, "घरात कुणी गोरं व्हायची क्रीम लावतं? काही क्रीममध्ये पारा असतो, तो कातडीतून आत जातो."

"न्हाई," बायको म्हणाली.

"न्हाई," मीही म्हणालो. दोघांचे शब्द एकाच वेळी बाहेर पडले. मॅडमनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग लिहिलं: कॅन्सरसाठी तपासणी.

मी तेव्हाच का बोललो नाही, असं लेकीनं मला नंतर पुष्कळदा विचारलं. उत्तर सोपं आहे. मॅडमनी तो प्रश्न बायकोला विचारला होता. पुरुषाला विचारायचं त्यांच्याही मनात आलं नाही, आणि चौपन्नाव्या वर्षी स्वतःहून हात वर करायची माझी हिंमत झाली नाही. कॅन्सर निघाला असता तर निदान लोक भेटायला आले असते. क्रीम निघाली असती तर हसायला आले असते.

गावात तोवर निकाल लागलाच होता. किडनी म्हणजे दारू, आणि फौजी म्हणजे कॅन्टीनची रम. पारावर एकानं तर मला किती बाटल्या लागतात तेही सांगितलं. मी आयुष्यात दोनदा रम प्यालो, दोन्ही वेळा सर्दीला. पण मी कुणाला खोटं पाडलं नाही. दारुड्या म्हणवून घेण्यात कमीपणा कमी वाटत होता, हे इथं लिहायला मला आता काही वाटत नाही.

पुढचे पंधरा दिवस माझी आतून-बाहेरून पाहणी झाली. यंत्राच्या भोकातून सरकवलं, छाती बघितली, पोट बघितलं, घशातून दुर्बीण घातली. शेवटची दुर्बीण खालून घालायची होती. त्याच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं असतं, दोन लिटर, चव लिंबू पिळलेल्या साबणाच्या पाण्याची. दुपारी एकला प्यालो आणि दोन वाजल्यापासून मी संडासाचा कायम रहिवासी झालो.

चारच्या सुमाराला दाराबाहेर बायको येऊन बसल्याचा आवाज आला.

"आवं."

"काय?"

"एक इचारू? चिडू नगा."

"ह्या अवस्थेत मी काय चिडनार?"

ती दाराजवळ सरकली. मग म्हणाली, "त्या डबीचं मॅडमना सांगायचं का?"

माझ्या अंगात सोडायला जे काही उरलं होतं तेही त्या क्षणी सुटलं.

"कसली डबी?"

"स्टार्टरच्या पेटीतली. बाईचा फोटू असल्याली."

"तुला कवा कळलं?"

"आवं, मोबाइल मी धरती. तुमचं तोंड मला रोज जवळनं दिसतं. मान गोरी आनि कान काळं, असं मानूस आपसूक हुतं व्हय? एक दिवस मोटर बंद करायला गेली तवा पेटी उघडून बघितली."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"तुमाला लाज वाटंल म्हनून. मॅडमफुडं तुमी न्हाई म्हनला, मग मी बी न्हाई म्हनली. तुमाला खोटं कसं पाडू?" मग आवाज खाली आला. "आनि दुसरं म्हंजी, मी बी लावत हुती."

मी आत बसून त्या डबीचा हिशोब लावला. म्हणजे उन्हाळ्यानं आटत नव्हती तर.

"तू कशाला?"

"तुमी गोरं व्हायला लागलासा. मला वाटलं, आता ह्यांना माझी लाज वाटाया लागली. उद्या लेकीच्या घरी, कार्याला, कुटं शेजारी हुबं ऱ्हायलो तर लोक म्हनतील, ह्यो कुनाला घिऊन आलाय. म्हनून वाईच वाईच लावायची."

तीस वर्षांपूर्वीच्या त्या मांडवात आम्ही दोघं एकाच विनोदावर हसलो होतो, आणि दोघांनीही तो गिळून पोटात ठेवला होता. मी दाराला हात लावला. उठणं शक्य नव्हतं. "माझ्या मनात तसलं कायबी नव्हतं," मी म्हटलं. "ते लोक म्हनत हुते, तुमी दिसत न्हाई. म्हनून लावलं."

"मला दिसत हुतासा की," ती म्हणाली. मग उठली आणि चुलीकडं गेली, कारण माझ्यासाठी गाळलेलं पाणी उकळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मॅडमपुढं ठेवली. मेव्हण्याची पुडीही बरोबर होतीच. मी सगळं सांगितलं, उभं राहून, फौजेत साहेबापुढं कबुली देतात तसं. मॅडम हसल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं, काका. चूक माझी."

"मग आता खालची दुर्बीण रद्द ना?" मी आशेनं विचारलं.

"नाही. क्रीम सापडली म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. आणि एवढं पोट साफ केलंय तुम्ही."

"पाणी सोडलंय तर वाफा भिजवूनच घ्या," बायको म्हणाली. तिच्या आवाजात मला थोडा सूड ऐकू आला.

दुर्बिणीत काही निघालं नाही. डबी तपासायला गेली आणि तिच्यात पारा निघाला, इतका की मॅडमनी तो आकडा मला वाचून दाखवला नाही, नुसता कागद फिरवला. पुडीतही निघाला. माझ्या रक्तातही होता. मग त्यांनी बायकोची लघवी तपासली. तिच्यातही प्रोटीन जायला लागलं होतं, माझ्याइतकं नाही, पण होतं. ते ऐकलं तेव्हा मात्र मी खुर्चीत बसलो. स्वतःच्या आजाराचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. लावली मी, लपवली मी, आणि ती माझ्या चोरीत वाटेकरी झाली.

उपचार म्हणून जे झालं ते फारच साधं होतं. क्रीम बंद. सूज उतरायची गोळी, दाबाची गोळी, मीठ कमी. तुमचं दुखणं जोराच्या औषधांशिवायही बरं होईल असं वाटतंय, आपण थांबून बघू, असं मॅडम म्हणाल्या. लोणचं बंद झालं तो भाग सोडला तर मला तक्रार नव्हती. दर महिन्याला कॅन घेऊन सांगलीला जायचो. कंडक्टर विचारायचा, काकवी काय? मी व्हय म्हणायचो.

बायकोचा रिपोर्ट चौथ्या महिन्यात स्वच्छ आला. माझ्या पायाची सूज पाचव्यात गेली, फेस सातव्यात विरला, आणि वर्ष व्हायच्या आत प्रोटीन जवळजवळ थांबलं. रंगही गेला, म्हणजे आला. मान आणि कान पुन्हा एकमेकांना ओळखायला लागले.

मधल्या काळात मी एकदा त्या दुकानात गेलो होतो. भांडायच्या तयारीनं गेलो, पण दुकानदारिणीनं वर पाहिलं आणि मला तिच्या गालांवर तीच चकाकी दिसली, कानापाशी संपणारी. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? मी स्वतः चार वर्षं लावती." खालचा खण तिनं माझ्यासमोर रिकामा केला. नंतर पुन्हा भरला की नाही, मला ठाऊक नाही. मॅडमचा पत्ता मात्र तिनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला.

गावात माझी रम चालूच होती. एक दिवस मी बायकोला म्हटलं, असू दे, काय बिघडतं. ती म्हणाली, "तुमचं काय बिघडत न्हाई. पन ती डबी आपल्या दोघांनाच गावली का?"

त्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत तिनं सगळं सांगून टाकलं. डबी कुठं होती, कोण लावत होतं, दाराआडून काय बोलणं झालं, सगळं. मी अंगणात होतो. आधी हसण्याचा असा लोट आला की म्हैस उठून उभी राहिली. मग हसणं हळूहळू थांबलं. मग एक बाई उठून घरी गेली आणि पदराखाली काहीतरी घेऊन परत आली. तिच्या मागून दुसरी गेली. संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर सहा डब्या जमल्या, त्यातल्या चारांवर ओळखीचा बाईचा फोटो. एक डबी आणणारी म्हणाली, "ही माझी न्हाई. आमच्या मालकांची हाय, पन तुमी नाव घिऊ नका." मालक कोण ते मला माहीत आहे. माझ्या बाटल्या मोजणारा तोच.

पुढच्या सोमवारी बायकोनं वडाप जीप ठरवली आणि त्या बायांना लघवी तपासायला पलूसला घेऊन गेली. मालक वेगळे, मोटरसायकलवरून, तोंडाला रुमाल बांधून आले. सगळ्यांचं चांगलं निघालं, एकीचं सोडून. ती सून वर्षभरापूर्वीच लग्न होऊन आलेली, डबी तिला माहेरहून रुखवतात दिलेली. तिला घेऊन बायको सांगलीला मॅडमकडं जाते, दर महिन्याला. परवाच्या रिपोर्टमध्ये तिचं प्रोटीन निम्म्यावर आलं. येताना दोघींनी गणपतीच्या देवळाजवळ भेळ खाल्ली, असं कळलं. मला आणली नाही, मीठ असतं म्हणून.